‘कीप’चे उरलेले अर्थ

जैनथ,
१६ नोव्हेंबर २०२५

हर्षदीपदादा,

जय भीम. हे पत्र जे कोणी तुम्हाला वाचून दाखवत असतील त्यांनाही जय भीम, आणि त्यांना एक विनंती. लिहिलं आहे तसंच वाचा. चुकलेलं दिसलं तरी सुधारू नका, कंटाळवाणं वाटलं तरी गाळू नका.

फोन तुम्ही उचलत नाही. मी बोलून पाठवलेलं न ऐकताच काढून टाकता, हे मला पंचफुलाकाकूंकडून कळलं. पत्राचं तसं होत नाही. ते कोणाला तरी उघडावं लागतं. पत्ता काकूंनीच दिला. म्हणाल्या, "लिहून पाहाय बाई. आईसंगं तरी कुठं बोलते तो? ‘जेवलो’ म्हणते अन् ठेवते."

वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगते. मी अर्पिता, मथुराबाईची मुलगी. हर्षदीपदादांचं घर आमच्या गल्लीतच. आमच्या घरात शाळेचं तोंड पाहिलेली पहिली मीच. पण इंग्रजी मला शाळेत आलं नाही, दादांच्या ओट्यावर आलं. त्यांचे डोळे नवव्या वर्षी गेले. मी जाड डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक अक्षर वाचायची, ते उच्चार सांगायचे, अर्थ सांगायचे. आई म्हणायची, "एकाले दिसत नाही अन् एकीले समजत नाही. दोघं मिळून पुरा एक माणूस."

तुम्ही हैदराबादला गेलात तेव्हा आपण ‘कीप’वर होतो. दोन पानं भरून अर्थ होते. तुम्ही म्हणाला होतात, "शब्द लहान हाये, पण याच्या घरात बहुत माणसं राह्यतेत." ठेवणे, राखणे, पाळणे, सांभाळणे असं करत अकराव्या अर्थावर थांबलो. साडेतीन वर्षं पान तिथंच दुमडलेलं आहे. तुम्ही नसताना पुढे जावं की नाही, हे मला ठरवता आलं नाही. आता पत्रातून वाचून दाखवते.

बारावा अर्थ: टिकणे, खराब न होणे. डिक्शनरीत दुधाचं उदाहरण आहे. आपल्याकडे भाजी विकणाऱ्या गयाबाईंची वांगी घ्यावीत. बाजारातून उरून आली तरी ओल्या पोत्याखाली तीन दिवस राहतात. ती वांगी ‘कीप’ होतात.

ऑगस्टपासून मी जैनथजवळच्या सरकारी शाळेत शिकवते. मराठी माध्यम, सहावी आणि सातवी, नेमणूक एका वर्षाची. पटावर तेवीस मुलं आहेत. सध्या कापूस वेचणी चालू असल्याने वर्गात नऊच असतात.

आता कामाची गोष्ट. माझं डिग्रीचं सर्टिफिकेट आणायला मी आदिलाबादला, मुक्त विद्यापीठाच्या अभ्यास केंद्रावर गेले होते. तिथल्या क्लार्कनी नाव वाचून विचारलं, "वो ब्लाइंड लडका आपकेच गाँव का है ना अम्मा? उसका एकीच पेपर बाकी है, इंग्लिश. फरवरी में लास्ट मौका. नहीं दिया तो पूरा रजिस्ट्रेशन कॅन्सल." म्हणजे तुमचे पास झालेले सगळे पेपरही जाणार. फॉर्मची शेवटची तारीख ३१ डिसेंबर आहे.

फॉर्म भरा, दादा. एवढंच लिहायचं होतं.

तुमची,
अर्पिता

&nbsp;

जैनथ,
३० नोव्हेंबर २०२५

हर्षदीपदादा,

कुलदीपभाऊंचा फोन आला. पाकिटावर मी नंबर लिहिला होता. ते म्हणाले, "ताई, मी कुलदीप, इचोड्याचा. आमचं दुकान होतं तिथं, आता नाही. इथं कारखान्याची टेम्पो चालोतो. हर्षदीपभाऊ खुर्च्या विणतेत, मी त्या नेऊन टाकतो. खोली एकच हाये. पत्र मीच वाचलं. काही गाळलं नाही, तुमची शप्पत."

मी विचारलं, दादा काय म्हणाले?

"म्हणले, ज्या भाषेत नापास झालो ते भाषा मले येत नाही. फॉर्मगिर्म काही नाही. मंग म्हणले, वांग्याचं वाक्य बरं हाये."

ते ऐकून मला आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

चौदावा अर्थ: एखादी गोष्ट करत राहणे, न थांबता. मी शिकवताना एकच चूक सारखी करते, तिथं हा अर्थ लागू पडतो. मुलांकडे न पाहता फळ्याकडे पाहून बोलत राहते. कोणी काही विचारलं तर आपल्याला येणार नाही अशी भीती वाटते म्हणून.

गावात तुमच्याबद्दल बोलणं होतं. तुमचा निकाल लागला त्या आठवड्यात उद्धवराव आपल्या किराणा दुकानात सगळ्यांसमोर म्हणाले होते, "गावाले इंग्रजी शिकोते अन् इंग्रजीतच आपटते." तुम्ही तेव्हा बिस्किटं घ्यायला आला होतात. बाकावर बसलेले हसले. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या ओट्यावरची शिकवणी बंद झाली. मुलं आली होती, तुम्ही आतून कडी लावली. मीही त्या मुलांच्या मागे उभी होते. हाक मारली नाही.

दादा, तुम्हाला इंग्रजी येतं. मला हे खात्रीनं माहीत आहे.

इथं मी चार ओळी लिहून खोडल्या आहेत. कुलदीपभाऊ, ‘चार ओळी खोडलेल्या आहेत’ असं वाचा.

शाळेच्या आवारात चिंचेचं झाड आहे. मधल्या सुट्टीत बाकीच्या मॅडम एकत्र डबा खातात, तेलुगूत बोलतात. त्या मला बोलावतात. मीच जात नाही. त्यांनी काही विचारलं तर खरं सांगावं लागेल असं वाटतं. खरं म्हणजे त्या काय विचारणार, भाजी कोणती आहे एवढंच.

फॉर्म भरा.

अर्पिता

&nbsp;

जैनथ,
१४ डिसेंबर २०२५

हर्षदीपदादा,

कुलदीपभाऊ सांगतात की तुमचा नकार पक्का आहे. म्हणून आज ते लिहिते. कुलदीपभाऊ, हे पत्र तुम्ही वाचणार हे मला माहीत आहे, आणि तुम्ही माझ्याबद्दल काय समजाल तेही. तरी सावकाश वाचा.

मागच्या पत्रात बाराव्यानंतर मी एकदम चौदावा अर्थ दिला. तेरावा गाळला. तेरावा: एखाद्याला एखादी गोष्ट कळू न देणे.

मे २०२२. तुमचा इंग्रजीचा पेपर. उमेदवारापेक्षा कमी शिकलेलाच लेखनिक चालतो म्हणून तुम्ही मला घेतलं. माझं इंटर, म्हणजे बारावी, नुकतंच झालं होतं. आदल्या दिवशी तुम्ही विचारलं, "हात चालते ना तुहा?" मी म्हटलं, "चालते." चालत नव्हता, दादा. दहावीचे, इंटरचे इंग्रजी पेपर मी पाठ केलेले लिहिले होते. पाठ केलेलं हाताला माहीत असतं. कोणी बोलतं आहे आणि ऐकून लिहायचं आहे, असं मी कधी केलंच नव्हतं. मराठी शाळेतल्या मुली इंग्रजी लिहीत नाहीत, एकेक अक्षर काढतात. हे मला माहीत होतं. पण तुमच्यासोबत पॅड घेऊन बसमध्ये बसायचं होतं. सगळ्या गावानं पाहावं असं वाटत होतं.

शेवटचा मोठा प्रश्न होता: एक साधं क्रियापद घेऊन त्याचे वेगवेगळे उपयोग स्वतःच्या वाक्यांत दाखवा. यादीत ‘कीप’ होतं. तुम्ही हसून म्हणालात, "आपलाच शब्द आला, अर्पू."

आणि तुम्ही बोलायला लागलात. मला अजूनही आठवतं, तुम्ही खिडकीकडे तोंड करून बोलत होता. आठ वाक्यं, एकेक चार-चार ओळींचं. पहिल्या वाक्याच्या मध्यावरच मी मागे पडले. ‘थांबा’ एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर तुम्ही थांबला असतात. पण मग तुम्हाला कळलं असतं की माझा हात चालत नाही. सुपरवायझर एकदा "बातें नहीं" म्हणाले होते. मी स्वतःला बरेच महिने सांगितलं की त्यांच्या भीतीनं बोलले नाही. ते खोटं आहे. ते एकदाच आणि हळू म्हणाले होते.

मी तुमची वाक्यं लहान केली. मोठा शब्द आला की माझ्या हाताला येणारा शब्द घातला. चार ओळींच्या जागी चार शब्द. तुमच्या वडिलांवरचं वाक्य होतं, ते मी ‘माय फादर कीप्स काऊज’ एवढ्यात संपवलं. तुम्ही प्रत्येक वाक्यानंतर विचारायचात, "झालं?" मी म्हणायची, "झालं." बाकीच्या उत्तरांचंही तेच केलं.

पेपर वेळेआधी अर्धा तास संपला. तुम्ही खूश झालात. "हात हाये का मशीन हाये!" म्हणालात, आणि बस स्टँडवर उसाचा रस पाजलात. तो मी प्याले.

तुम्ही सहा मार्कांनी नापास झालात. तपासणाऱ्यानं जे वाचलं ते तुमचं नव्हतंच. ते सहावीतल्या मुलीचं होतं.

तेव्हाच सांगितलं असतं तर पुढच्याच वर्षी तुम्ही दुसऱ्या लेखनिकासोबत बसला असतात. आधी वाटलं, माझं इंटर रद्द करतील. मग वाटलं, डिग्री रद्द करतील. मग नोकरी. प्रत्येक वर्षी भीतीला नवं काहीतरी मिळत गेलं.

पेपरच्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर तुमची आठही वाक्यं मी वहीत नीट लिहून काढली होती. सावकाश लिहिताना सगळी आली. वही माझ्याकडे आहे. तुम्ही नापास झालेला नाहीत. मी झाले. फॉर्म भरा.

अर्पिता

&nbsp;

हैदराबाद,
२२ डिसेंबर २०२५

अर्पिता,

हे कुलदीप लिहून राह्यला. त्याले सांगितलं का जे बोलीन ते सगळंच्या सगळं लिही, खोकलो तर खोकला लिही. (खोकले नाहीत.) हे लिवायची गरज नव्हती कुलदीप. (लिहिलं.)

तुहं पत्र तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्या बारीले कुलदीपचा घसा बसला.

साडेतीन वर्सं मी मले ढ समजलो. इथले साहेब म्हणत होते, माह्या पोरीले इंग्रजी शिकोता का. मी म्हटलं मले येत नाही. बाजूच्या खोलीत इंग्रजी बातम्या लागल्या तं मी बाहेर जाऊन बसत होतो. मले वाटे, जे मी इतके दिवस खरं समजलो, थे सारं माह्या डोक्यातलंच होतं. आंधळ्या माणसाले असं वाटलं तं तो कोणाले विचारन? (थांबले. पाणी प्याले.)

भेव तुहं होतं. ओझं मी वाह्यलं.

फॉर्म भरला. काल कुलदीपनं भरून देल्ला. लेखनिक बी कुलदीपच. तो इंटर नापास हाये, नियमात बसते. (दोनदा नापास.) तुले आता बसता येत नाही, तू डिग्रीवाली झाली. मीच शिकोलं अन् आता माह्याच कामाची नाही राह्यली. (हसले. पण ते हसणं चांगलं नव्हतं ताई.) हे काऊन लिहिलं बे? (सगळं लिही म्हणले होते.)

दोन गोष्टी सांगतो. पेपरच्या दिवशी केंद्रावर येऊ नको. तुहा आवाज आला तं माह्यं ध्यान जाईन.

दुसरी गोष्ट. मलेच सांगून नाही भागत. माह्यं हासं चारचौघांत झालं. तिथं जाऊन सांग. उद्धवरावच्या दुकानात सांग अन् माह्या बापापाशी सांग.

माफीचं काही विचारू नको. आता माह्यापाशी उत्तर नाही.

हर्षदीप

(ताई, मी कुलदीप. शेवटचं वाक्य बोलायला त्यांले बहुत वेळ लागला.)

&nbsp;

जैनथ,
४ जानेवारी २०२६

हर्षदीपदादा,

सांगून आले. जसं झालं तसं लिहिते.

आज रविवार, दुकानात गर्दी असते म्हणून मुद्दाम आजच गेले. उद्धवराव तूर डाळ मोजत होते. म्हणाले, "या मास्तरीणबाई, काय देऊ?" मी म्हटलं, काही नको, एक सांगायचं आहे. आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मी हळू बोलत होते, म्हणून मागचे म्हणाले, "जोरानं बोल, काय म्हणते थे आयकू येऊन नाही राह्यलं." तेव्हा पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं.

उद्धवराव म्हणाले, "म्हंजे त्या पोरानं सांगितलं बरोबर, अन् तूनंच लिहिलं नाही?"

"हो."

"मंग इतके दिवस तोंडात गूळ धरला होता का?"

शकुबाई साबण घ्यायला आल्या होत्या. त्यांचा नातू माझ्या वर्गात आहे. त्या म्हणाल्या, "आमच्या पोराले बी तू असंच अर्धंमुर्धं शिकोते का वं?" याचं खरं उत्तर मला माहीत नाही. त्या उद्या हेडमास्तरांकडे जाणार आहेत. त्यांच्याआधी जाऊन मीच सांगणार आहे. पुढच्या वर्षी ते मला घेतील असं वाटत नाही.

निघताना उद्धवराव डाळ बांधत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "माह्या बी तोंडातून लय निघालं होतं तवा."

मग तुमच्या घरी गेले. देवाजीकाका ओट्यावर पऱ्हाटीच्या काड्यांचा खराटा बांधत होते. काकू आतून आल्या. माझं सांगणं अर्ध्यावर होतं तेव्हाच त्यांनी हातातलं सूप खाली टाकलं. "माह्या लेकराचे तीन वर्सं! पोटच्या पोरीवानी तुले ज्वारीची भाकर देल्ली मी याच ओट्यावर. उठ. उठ माह्या ओट्यावरून." मी उठले. चप्पल घालत होते तेव्हा देवाजीकाका म्हणाले, "थांब. त्यानं माह्यावर काय सांगितलं होतं?"

मी म्हटलं, वहीत आहे, वही पिशवीत आहे.

"वाच."

मी अंगणात उभी राहून वाचलं, आधी मराठीत. तुमचं वाक्य असं होतं: माझ्या वडिलांनी तीस वर्षं दुसऱ्यांची गुरं राखली, आणि रोज संध्याकाळी मला खांद्यावर बसवून, दिवसभरात रानात जे जे पाहिलं ते एकही गोष्ट न विसरता सांगितलं, मला दिसेनासं झालेलं जग त्यांनी माझ्यासाठी असं राखून ठेवलं.

काकू दाराला टेकून उभ्या होत्या. देवाजीकाका म्हणाले, "आता त्यानं जसं सांगितलं तसं वाच. इंग्रजीत."

"तुम्हाला कळणार नाही काका."

"मले आयकाचं हाये."

मी वाचलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. पूर्ण झाल्यावर म्हणाले, "लांब हाये."

"हो. लांब आहे."

"इतकं लांब सांगितलं त्यानं माह्यावर." मग काड्यांना सुतळीचा एक वेढा दिला, आणि मला विचारलं, "तू काऊन लिहिलं नाही मा?"

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खरोखर माहीत करून घ्यायचं म्हणून विचारलं. वहीतली पानं फाडून त्यांच्याजवळ ठेवावीत असं वाटलं, पण त्यांना वाचता येत नाही, आणि काकूंना पाहून पुढे जायची हिंमत झाली नाही. आता तुमच्या घरासमोरून मी जाणार नाही. विहिरीकडून लांबच्या वाटेनं घरी येईन.

अर्पिता

&nbsp;

जैनथ,
१२ फेब्रुवारी २०२६

हर्षदीपदादा,

हे पत्र मी तुमचा पेपर संपल्यावर टाकीन.

सकाळी बसथांब्यावर देवाजीकाका भेटले. धुतलेला सदरा, डोक्याला नवा पटका. तुम्ही आणि कुलदीपभाऊ रात्रीच्या गाडीनं आदिलाबादला उतरणार आणि काका थेट केंद्रावर येणार, हे त्यांनीच सांगितलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच बोलले माझ्याशी. म्हणाले, "चाल ना बाई, सकाळची गाडी खालीच राह्यते."

मी म्हटलं, "येऊ नको म्हणाले आहेत."

"तो म्हणते अन् तू आयकते?"

"हो."

बस आली. पायरीवर पाय ठेवून त्यांनी विचारलं, "त्याले काही सांगू?"

मला खूप सांगायचं होतं. हेडमास्तरांनी मला एप्रिलपर्यंतच ठेवलं आहे, हे सांगायचं होतं. मी आता दुपारी बाकीच्या मॅडमसोबत डबा खाते, त्यांना सगळं माहीत आहे, तरी जागा करून देतात, हेही. पण मी म्हटलं, "काही नको. पेपर होऊ द्या."

बस गेली. मी चालत शाळेत आले. आता दहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. मुलं शुद्धलेखन लिहीत आहेत. कुलदीपभाऊंनी प्रश्नपत्रिका वाचून दाखवायला घेतली असेल. त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला नाही, त्यांची पत्रातली अक्षरं मी पाहिली आहेत. पण त्यांना थांबा म्हणता येतं.

इथून तुमच्यापर्यंत वीस किलोमीटर आहेत. मी इथं बसले आहे, आणि मला करण्यासारखं काहीच नाही. तुम्ही बोला, दादा. जेवढं लांब बोलायचं असेल तेवढं लांब बोला.

अर्पिता